आमची संवेदनशील गल्ली

मला फक्त दुपारी झोपायचं होतं. एवढ्या साध्या इच्छेपोटी गल्लीत पोलिसांची गाडी येऊन उभी राहील, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण ती आली, आणि माझ्यामुळेच आली. आता सगळं मिटलं असं लोक म्हणतात. माझं मिटलेलं नाही. दळण आणायला गेले तरी मी पदर कपाळावर ओढून घेते. गिरणीवाल्याला वाटतं, म्हातारीला ऊन लागतंय.

आवाजाचं मला मुळात वावडं नाही. माझं माहेर उदगीरचं, मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला लागून घर. पहाटे पोती उतरवणाऱ्या हमालांची आरडाओरड, मग डाळ मिलचा भोंगा, मग स्टेशनात शिरणारी गाडी. सिनेमा बदलला की टांग्यात बसून एक माणूस कर्ण्यातून पुकारत जायचा आणि आम्ही पोरी त्याच्यामागे वेशीपर्यंत पळायचो. या सगळ्या गदारोळात माझे वडील जेवण झालं की आडवे व्हायचे आणि हात उशाला घेईपर्यंत घोरायला लागायचे. पण त्या आवाजांत आणि आत्ताच्या आवाजात एक फरक आहे. तेव्हाचे लोक कामासाठी ओरडायचे. उमाशंकरअप्पा हौसेनं ओरडतात.

उमाशंकरअप्पा माझे शेजारी, भिंतीला भिंत. आमच्या या तालुक्याच्या गावात त्यांनी सगळी नोकरी एसटी स्टँडवर काढली. खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या. निलंग्याची गाडी, देगलूरची गाडी, कंधारची गाडी. आवाज असा खणखणीत की स्टँडबाहेर केळी घेणारा माणूस पैसे न देताच पळत यायचा. अप्पा निवृत्त झाले, आवाज मात्र कामावरच राहिला. वडिलांचं मन रमावं म्हणून पुण्याच्या मुलानं कराओके पाठवलं. म्हणजे गाण्यातला मूळ गायक काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी आपण उभं राहायचं. वाद्यं वाजतात, शब्द मोबाइलवर दिसतात, स्पीकरच्या डब्याला रंगीत दिवे लागतात. उन्हाळ्यापासून रोज दुपारी, जेवण झालं की, अप्पा गच्चीवरच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहू लागले. विरहाचं गाणंसुद्धा ते असं म्हणत की जणू विरह फलाटावर लागला आहे आणि प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं.

तोंडावर सांगायचं की, असं तुम्ही म्हणाल. कोणत्या तोंडानं? आमच्या ह्यांना लातूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा याच माणसानं भरलेली गाडी माझ्यासाठी थांबवून धरली होती आणि आतल्या लोकांची बोलणी स्वतः खाल्ली होती. त्यांची बायको शांतम्मा धपाटी करते तेव्हा तव्यावरचं पहिलं धपाटं माझ्या घरी येतं, त्यांच्या घरातलं कुणी जेवायच्या आधी. अशा माणसाला बेसूर म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही. मग मी भित्र्या माणसानं करायचं ते केलं. मी सरकारकडे गेले.

त्याआधी सल्ले घेतले. समोरच्या राजकन्याबाई म्हणाल्या, "कानात कापूस घाला की. मला तर बरं वाटतंय बाई. भांडी घासताना टाइम जातो." कापूस घातला. त्यानं दूधवाल्याची हाक ऐकू येईना, अप्पा मात्र येत राहिले.

मग शेषेराव. हे तहसीलातून निवृत्त झालेले कारकून. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलला तरी कोणता नियम लागतो ते हे सांगतात. त्यांनी माझं सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, भांडायचं न्हाई. दरखास्त द्यायची."

दरखास्त. माझे वडील अर्जाला हेच म्हणायचे. शब्द ऐकूनच मला धीर आला.

"कायदा हाय," शेषेराव म्हणाले. "दवाखाना, शाळा, कोर्ट, ह्यांच्या शंभर मीटरात शांतता क्षेत्र असतंय. तिथं कुणी जोरात खोकलं तरी गुन्हा. आपल्या कोपऱ्यावर अंगणवाडी हाय. शाळाच म्हणायची ती."

"पण अप्पांचं नाव नको."

"नाव कशाला लिवायचं? नाव लिवलं की वैर होतंय. मोघम लिवा."

मोघम लिहिण्यात शेषेरावांचा हात धरणारा जिल्ह्यात नसेल. त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या अक्षरात उतरवलं: आमच्या गल्लीत काही काळापासून शांततेचा भंग होत असून रहिवासी भयभीत आहेत, तरी गल्लीत शांतता प्रस्थापित व्हावी. 'भयभीत' जरा जास्त होतंय, असं मला वाटलं होतं. शेषेराव म्हणाले, त्याच्याशिवाय कागद टेबलावरून पुढं सरकत नाही.

नगरपरिषदेच्या खिडकीतल्या मुलानं अर्ज वाचला, उलटा करून पाठही वाचली.

"आजी, शांतता आमच्याकडं येत न्हाई."

"मग काय येतं?"

"पाणी, कचरा, दिवे. मोकाट कुत्रे पण येतात. शांतता पोलिसात."

आमच्या घराण्यात पोलीस ठाण्याची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. माझ्या चुलत्यांची म्हैस चोरीला गेली तेव्हासुद्धा आम्ही गप्प बसलो होतो. मी चढले. आत व्यंकट नावाचे हवालदार होते, आवाजानं आणि वागण्यानं फार चांगले. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि अर्ज वाचून एकदम हळू आवाजात बोलू लागले.

"भंग कोण करतंय, आजी?"

"नाव नाही सांगता येत."

"भीती वाटते?"

"संकोच वाटतो."

त्यांनी मान हलवली. "कोणत्या समाजाचे हायत?"

"आपलेच आहेत हो. शेजारीच आहेत."

"दोन्ही बाजू एकाच समाजाच्या?"

"दोन बाजू कुठून? एकच बाजू आहे."

"मग दुसरी?"

"दुसरी मी."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग विचारलं, "तणाव कधीपासून हाय?"

तणाव मला होताच. डोकं ठणकायचं, गोळी घ्यावी लागायची. मी म्हणाले, "उन्हाळ्यापासून. आता तर रोजचाच."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. माझ्या डोकेदुखीची सरकारनं पहिल्यांदाच नोंद घेतली होती.

पुढच्याच आठवड्यात ठाण्यातून निरोप आला: शांतता समितीच्या बैठकीला यावं. मी मनात म्हटलं, बघा, आपण उगाच नावं ठेवतो, शांततेसाठी समितीसुद्धा असते. ठेवणीतलं इरकल नेसून गेले. इतकी आरडाओरड असलेली बैठक मी जन्मात पाहिली नव्हती. गणपती तोंडावर आलेले. मिरवणूक कोणत्या रस्त्यानं न्यायची, कुणाचा गणपती आधी, कुणी कुणाच्या दारासमोर थांबायचं, यावरून गावातले सगळे पुढारी एकाच वेळी बोलत होते. मी दोनदा म्हणाले, "जरा हळू बोला." माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्या कानात ओरडले, "काय म्हणालात?"

शेवटी साहेबांनी आवाजाचे नियम वाचून दाखवले. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. मी हात वर करून विचारलं, हे माणसाच्या तोंडालाही लागू आहे का. साहेब हसले. म्हणाले, "तोंडाला लावलं आजी, तर आधी ही बैठकच बंद करावी लागंल." सगळे हसले. त्या हसण्यात फोटो निघाला, आणि निघताना व्यंकट हवालदार मला हळूच म्हणाले, "तुमची गल्ली संवेदनशील यादीत घेतलीय."

मला ते फार आवडलं. आमची गल्ली संवेदनशील आहे हे मला आधीपासून वाटतच होतं.

फोटो गावातल्या पेपरात आला: 'शांततेसाठी ज्येष्ठ महिला सरसावल्या'. तो पेपर घेऊन आमच्या दारात पहिलं कोण आलं असेल? उमाशंकरअप्पा. "शरणार्थ अक्का," हात जोडून म्हणाले, "गल्लीचं नाव काढलं तुमी." आणि माझ्या हातावर शांतम्मानं दिलेला पेढा ठेवला. त्या दिवशी दुपारी आनंदाच्या भरात ते नेहमीपेक्षा बराच वेळ गायले. मी पेढा खाल्ला नाही. फेकवलाही नाही. फ्रिजमध्ये ठेवला आणि फ्रिज उघडायचं टाळू लागले.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. अप्पांची मुलगी सुकन्या लातूरला एका शाळेत शिकवते. तिथलाच एक मुलगा, आडत्याच्या घरचा, सोमेश नाव. दोघांचं आपापसांत जमलेलं होतं, आईबापांची ना नव्हती. फक्त मुलाच्या आजोबांची, ईश्वरप्पांची, मान हलायची बाकी होती. त्या घरात आजोबांची मान हलल्याशिवाय पान हलत नाही. रविवारी ते घर बघायला येणार होते. सुकन्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेली. माझ्या ओट्यावरचा एकच डबा तिनं तीन वेळा पुसला. मी म्हणाले, "होईल गं." ती म्हणाली, "अक्का, ते आजोबा कशावरून पण न्हाई म्हणतात. मागं एका घरी दारात कुत्रं भुंकलं म्हणून परत आले."

रविवारी सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन अंगणात आले आणि गल्लीच्या तोंडाशी निळी गाडी दिसली. आत व्यंकट हवालदार आणि काठी घेतलेले दोन शिपाई.

मी तशीच चालत गेले. "हे काय हो?"

"बंदोबस्त. गणपती होईपर्यंत संवेदनशील भागात फिक्स पॉइंट लावलेत."

"अहो, पण इथं काय आहे?"

"तुमीच दिलं न्हाई का लिवून? तणाव हाय, रहिवासी भयभीत हायत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सगळं सांगून टाकलं. दंगा नाही, वाद नाही, गाणं आहे. अप्पांचं.

"कोण, स्टँडवाले?" हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे एवढं सगळं त्या गाण्यापायी? अवो आजी, हे आधी सांगायचं न्हाई का?"

"नाव लिहायचं नव्हतं."

"आता यादी वर गेली. साहेबाच्या हुकमाशिवाय मला हलता येत न्हाई."

"आज पाहुणे येणार आहेत हो, मुलीचं बघायला. निदान तोंडाशी तरी उभे राहू नका."

भला माणूस. म्हणाला, "तुमच्यासाठी गाडी जरा आत, लिंबाखाली घेतो." आणि घेतली. गल्लीत लिंबाचं झाड एकच आहे, ते उमाशंकरअप्पांच्या फाटकासमोर.

मी तिथं उभी आहे तोवर लातूरची पांढरी गाडी वळून आली आणि पोलिसांच्या गाडीच्या मागं थांबली. पुढं ईश्वरप्पा बसलेले, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. मागं मुलगा आणि आईवडील. ईश्वरप्पांनी काच खाली केली, पण दार उघडलं नाही.

"काय भानगड हाय?" त्यांनी हवालदारांना विचारलं.

व्यंकट हवालदारांनी खात्यात शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. "काही न्हाई अप्पा. परिस्थिती नियंत्रणात हाय."

उमाशंकरअप्पा फाटकातून धावत आले, हात जोडलेले, नवा सदरा, चेहरा पांढराफटक. "शरणार्थ अप्पा. उतरा, उतरा."

"उतरतो की," ईश्वरप्पा म्हणाले. "आधी सांगा, परिस्थिती कुणाच्या घरातली हाय?"

उमाशंकरअप्पांना काय माहीत असणार? ते पोलिसांकडे बघत राहिले, पोलीस माझ्याकडे. शेषेराव कुठूनसे उगवले आणि मदत करायची म्हणून म्हणाले, "तसं काही न्हाई, आवाजाबद्दल जरा तक्रार हाय." एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं आणि ते लिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागले.

"कुणाच्या आवाजाबद्दल?" ईश्वरप्पांनी विचारलं.

आता बघा. खोटं बोलावं तर गल्लीत दंगा आहे असं समजून माणसं परत जाणार. खरं बोलावं तर होणाऱ्या व्याह्यांसमोर सांगायचं, की मुलीचा बाप इतका बेसूर गातो की शेजारणीनं पोलीस बोलावले. वर खिडकीत सुकन्या उभी होती. पडदा तिनं मुठीत धरला होता. माझ्याकडे नव्हती बघत, त्या गाडीच्या बंद दाराकडे बघत होती.

"परिस्थिती माझी आहे," मी म्हणाले.

सगळे वळले.

"मी गाते," मी म्हणाले. "दुपारची. मोठ्यानं. लोकांना त्रास होतो, म्हणून कुणीतरी तक्रार केली. पोलीस मला समज द्यायला आलेत. अप्पांच्या घराचा काही संबंध नाही."

व्यंकट हवालदारांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि जमिनीकडे पाहिलं. ईश्वरप्पांनी माझी पांढरी वेणी, हातातला रांगोळीचा डबा, सगळं न्याहाळलं. मग दार उघडलं आणि काठी टेकत उतरले. मला वाटलं, सुटले.

"मी सप्त्यात चाळीस वर्सं भजन म्हणलोय," ते म्हणाले. "आत चला. गाऊन दाखवा. मग बघू कुणाचं बरोबर हाय ते."

मी शाळेत असताना प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचे. बाईंनी तसं सांगितलं होतं. अप्पांच्या बैठकीत, पोहे आणि चहाच्या मध्ये, मी आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या तोंडचं हळदीचं गाणं म्हटलं. माझ्या गळ्यातून काय निघालं ते मी सांगू शकत नाही, कारण मला ते ओळखू आलं नाही. पोहे वाढायला आलेल्या राजकन्याबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. मुलाची आई खिडकीबाहेर बघू लागली. मी म्हणत राहिले, कारण थांबले तर कुणीतरी काही विचारेल अशी भीती वाटत होती. आणि गाणं लांब आहे. हळद लागायला आमच्यात वेळ लागतो.

ईश्वरप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. चहाचा शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली.

"तक्रार करणाऱ्याची चूक न्हाई," ते म्हणाले.

बैठक अशी हसली म्हणून सांगू, दारातले शिपाईसुद्धा. मुलाचे वडील डोळे पुसत होते. त्या हसण्यातच ईश्वरप्पांची मान हलली. "घर चांगलं हाय," ते म्हणाले. "शेजारणीचं असलं गाणं ह्यांनी एवढे दिवस ऐकून घेतलं, आमचं पण ऐकून घेतील." साखर वाटली गेली. सुकन्या खाली आली आणि सगळ्यांच्या आधी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घ्यायला गेले, पण मागे भिंत होती.

एकच माणूस हसत नव्हता. उमाशंकरअप्पा. पाहुणे हात धुवायला उठले तसे ते माझ्याजवळ आले. डोळे लाल झालेले.

"अक्का, कोण हो तो?"

"कोण?"

"तक्रार करणारा. एकट्या बाईमाणसानं चार घटका मन रमवायचं न्हाई का? त्याच्या बापाचं काय जातंय? पोलीस आणतंय म्हंजे काय? मी सोडत न्हाई त्याला."

मी म्हणाले, "जाऊ द्या अप्पा, म्हातारं माणूस असेल."

"म्हातारं असलं म्हणून काय झालं?" ते म्हणाले. मागे बसून हे ऐकणारे शेषेराव त्यानंतर पोहे न संपवताच घरी गेले.

स्वयंपाकघरात शांतम्मा पोळ्यांवर तूप वाढत होती. मला ताट देताना हळूच म्हणाली, "अक्का, तुमी कधी गात होता?"

"हल्लीच," मी म्हणाले.

तिनं माझ्या पोळीवर आणखी एक चमचा तूप घातलं. आणखी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गणपती आले, गेले, आमचं नाव यादीतून निघालं. शांतता समितीत मी अजून आहे. तिथून कुणाला काढत नाहीत म्हणे. पण अप्पांनी मनावर घेतलं ते घेतलंच. आधी ते ठाण्यात जाऊन सांगून आले, की अक्कांच्या गाण्याला गल्लीत कुणाचाही विरोध नाही आणि असलाच तर त्यानं त्यांच्याशी बोलावं. मग पुण्याच्या मुलाला सांगून दुसरा माइक मागवला.

"तुमी एकट्या गाता म्हणून लोक बोलतात," ते म्हणाले. "दोघं असलो की कुणाची हिंमत होत न्हाई."

आता रोज दुपारी, जेवण झालं की, मी जिना चढून गच्चीवरच्या पत्र्याखाली जाते. अप्पा मला शब्दांचा मोबाइल धरून देतात, माझ्या ओळीची वेळ आली की मानेनं खूण करतात, आणि मी चुकले की मशीन चुकलं म्हणतात. परवा असंच चाललं होतं. आम्ही दोघं एका बागेत भेटलो आहोत अशा अर्थाचं काहीतरी गाणं होतं. खाली रस्त्यावरून व्यंकट हवालदार मोटारसायकलवरून चालले होते. त्यांनी गाडी हळू केली, थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि वर पाहिलं. आधी अप्पांकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या माइककडे.

मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"वा अक्का," उमाशंकरअप्पा माइकमधूनच म्हणाले, पार स्टँडपर्यंत ऐकू जाईल असं. "अशी तंद्री लागली पाहिजे."